पुरुषाची जातच तशी, मग बाईची?

ठाणे जिल्ह्यातल्या एका मैत्रिणीचं हातानं लिहिलेलं सात पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश देते.

त्या ४२ वर्षांच्या आहेत, बँकेत नोकरी करतात. कांदेपोहे होऊन ठरलेलं लग्न, त्याला आता १७ वर्षं झाली. मुलगा दहावीत आहे. नवरा निर्व्यसनी, घराकडे लक्ष देणारा. गेल्या वर्षी त्यांच्या शाखेत एक विवाहित सहकारी बदली होऊन आले. दोघं संध्याकाळी स्टेशनपर्यंत बरोबर चालत जातात. गाडी आली की या लेडीज डब्यात चढतात, ते पुढच्या डब्यात. बोलणं वाढत गेलं, मग मेसेज सुरू झाले. ‘यापलीकडे काहीही घडलेलं नाही. पण रविवारी दुपारी मी सोमवारची वाट बघतेय हे लक्षात आलं, तेव्हा माझीच मला भीती वाटली,’ असं त्या लिहितात. आलेले मेसेज वाचून झाले की त्या पुसून टाकतात.

याच सुमाराला घरात एक प्रकरण उघड झालं. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मोठ्या दिरांचे दुसऱ्या बाईशी दोन वर्षं संबंध होते. घरची माणसं बसली. सासूबाई म्हणाल्या, ‘पुरुषाची जातच तशी. बाईनंच सांभाळून घ्यायचं असतं.’ आमच्या मैत्रिणीच्या नवऱ्यानं मोबाइलवर कुठलंसं रील दाखवलं आणि म्हणाला, ‘दादाचं चुकलंच. पण सायन्सही हेच सांगतं, माणूस निसर्गानं एकनिष्ठ नाहीये.’ पंधरा दिवसांनी वटपौर्णिमा होती. जाऊबाईंनी उपास धरला, वडाला दोरा गुंडाळून आल्या, आणि संध्याकाळी दोघी रात्रीच्या स्वयंपाकाची मेथी निवडत बसल्या. तासभर जाऊबाई एक अक्षर बोलल्या नाहीत.

त्यांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत: ‘एकनिष्ठा माणसाच्या स्वभावात नसेलच, तर मी स्वतःला दोष का देते? आणि असेल, तर माझ्यात काय बिघडलंय? हे सगळं मी नवऱ्याला सांगायला हवं का?’

मैत्रिणी,

तुमचे पहिले दोन प्रश्न मी बरेच दिवस मनात घोळवले. एकनिष्ठा स्वभावात नाही असं मी म्हटलं, तर तुम्ही सुटाल. पण मग तुमचे दीरही सुटतील आणि जाऊबाईंना रडायचाही हक्क उरणार नाही. स्वभावात आहे असं म्हटलं, तर तुम्ही बिघडलेल्या ठराल. दोन्ही उत्तरांनी तुम्हाला झोप लागणार नाही. म्हणून मला वाटतं, निसर्गाकडे जे मागायला गेलात ते त्याच्याजवळ आहे का, तेच आधी पाहू. नाहीतरी तुमच्या घरच्या बैठकीत साक्षीला त्यालाच उभं केलं होतं.

काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात संगमेश्वर तालुक्यातल्या एका देवराईत मला धनेशाचं घरटं बघायला मिळालं. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड लिंपून बंद करून घेते. चोच बाहेर येईल एवढी फट फक्त ठेवते. अंडी घालणं, उबवणं, सगळं त्या अंधारात, आणि कित्येक आठवडे ती पूर्णपणे नराच्या भरवशावर. आम्ही एका झाडाआड बसून होतो. आधी पंखांचा आवाज आला, वाफेच्या इंजिनासारखा. नर ढोलीशी येऊन टेकला. मान जरा झटकून त्यानं गळ्यात साठवलेलं उंबर चोचीच्या टोकाशी आणलं आणि अलगद फटीतून आत दिलं. मग दुसरं. मग तिसरं. मी मोजत होते, एकोणीस झाली. आम्हाला तिथवर घेऊन आलेल्या आजी हळूच म्हणाल्या, ‘बाप्या माणसाला जमंल काय ह्ये?’

हे दृश्य बघून कुणीही म्हणेल की निष्ठा निसर्गातच आहे. पक्ष्यांच्या सुमारे ९० टक्के जाती जोडीनं संसार करतात, त्यामुळे अभ्यासकांचाही बराच काळ तसाच समज होता. मग १९८०च्या दशकात डीएनए तपासायची सोय झाली. घरट्यातल्या पिल्लांचं रक्त तपासलं, तर जोडीनं राहणाऱ्या कितीतरी जातींत काही पिल्लं शेजारच्या नराची निघाली. तेव्हापासून जोडीनं संसार करणं आणि देहानं एकनिष्ठ राहणं या दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या जातात. सस्तन प्राण्यांत तर जोडीनं राहणाऱ्या जाती १० टक्क्यांहूनही कमी आहेत.

धनेशाच्या एका जातीची मात्र अशी तपासणी झाली आणि एकही पिल्लू परक्या नराचं आढळलं नाही. ही जात आफ्रिकेतल्या नामिबियाची, मॉन्टेरोचा धनेश. आता गंमत बघा, त्याच नामिबियाच्या वायव्य भागात हिंबा नावाचा पशुपालक समाज राहतो. त्यांच्यातही लग्नं ठरवून होतात, आणि लग्नाबाहेर नवऱ्याचाही जोडीदार असतो, बायकोचाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या ४८ टक्के मुलांचा जन्मदाता आईचा नवरा नव्हता. यात लपवाछपवी फारशी नव्हती. कुठलं मूल कुणाचं, हे बहुतेक आईबापांना नेमकं ठाऊक होतं. आईचा नवरा तोच मुलाचा बाप, ही त्यांची रीत. याउलट बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये पाचशे वर्षांच्या वंशावळी डीएनएशी ताडून पाहिल्या, तेव्हा हेच प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास निघालं. त्यातही शेतकरी घरांत एक टक्का, आणि एकोणिसाव्या शतकातल्या दाटीवाटीच्या शहरांतल्या गरीब वस्त्यांत सहा टक्के.

माणूस सगळीकडे एकच, घडण एकच. तरी एका ठिकाणी निम्मी मुलं, दुसरीकडे शंभरात एक-दोन. धनेशाला त्याचा निसर्ग जे सांगतो ते बहुधा एकाच सुरात सांगतो. माणसाला तो दोन सुरांत सांगतो. एका जिवाशी खोल गुंतायचं, त्याच्याबरोबर मूल वाढवायचं, तो दिसला नाही की कासावीस व्हायचं, हेही आपल्या रक्तात आहे; आणि नव्या माणसाकडे मान वळवणं, हेही. आपला देहसुद्धा असाच अधलामधला आहे. माद्यांचा कळप राखणारा गोरिला नर मादीच्या जवळपास दुप्पट असतो, जोडीनं राहणारे गिबन नर-मादी एका मापाचे असतात, आणि माणसाचा पुरुष बाईपेक्षा थोडासाच मोठा. समाजांकडे पाहिलं तरी तेच. जॉर्ज मर्डॉक या मानववंशशास्त्रज्ञानं सुरू केलेल्या नोंदसंग्रहात १२३१ समाज आहेत. त्यांतल्या जेमतेम १८६ समाजांत एका वेळी एकाच जोडीदाराची रीत आहे; बाकी जवळपास सगळ्यांत पुरुषाला एकीपेक्षा जास्त बायका करायची मुभा. पण मुभा असलेल्या समाजांतही बहुतेक पुरुषांचा संसार एकाच बाईशी झालेला दिसतो.

म्हणजे तुमचे यजमान सायन्सचं नाव घेऊन जे म्हणाले, त्यातलं अर्धं बरोबर आहे. चुकीचं अर्धं असं, की ते वाक्य दादांसाठी वापरलं गेलं आणि सासूबाईंच्या ‘पुरुषाची जात’ला जोडलं गेलं. घरट्यातलं पिल्लू शेजारच्या नराचं निघतं, तेव्हा त्याची आई त्याच घरट्यातली असते. मान वळणं हा नराचा स्वभाव आणि मादी आपली मुळातच स्थिर, असं त्या सगळ्या तपासण्यांतून कुठंही निघालेलं नाही. त्या बैठकीत भिंतीला टेकून तुम्ही उभ्या होतात. तुमच्या मनात त्या क्षणी काय चाललं होतं ते कुणाला ठाऊक असतं, तर ‘बाईची जातच तशी, नवऱ्यानं सांभाळून घ्यावं’ असं कुणी म्हणालं असतं का? मला वाटतं, तुमच्या पत्रातला खरा सल हा आहे. तुमच्या मनातल्या ओढीनं तुम्ही अस्वस्थ आहात, पण दिरांना मिळालेली सूट तुम्हाला कधीच मिळणार नाही, हे कळल्यानं जास्त दुखावल्या आहात.

आणि ती सूट तुम्हाला मिळू नये, असंच माझं मत आहे. दिरांनाही मिळायला नको होती.

महाभारताच्या आदिपर्वात पांडू कुंतीला एक गोष्ट सांगतो. उद्दालक ऋषी, त्यांची पत्नी आणि मुलगा श्वेतकेतू एकत्र बसलेले असताना एक ब्राह्मण येतो, श्वेतकेतूच्या आईचा हात धरतो आणि ‘चल’ म्हणून तिला घेऊन जातो. मुलगा संतापतो. बाप त्याला शांत करतो: रागावू नकोस, हा जुना धर्म आहे, गाईगुरांत चालतं तसंच हे. तुमच्या घरच्या बैठकीत झाला तोच युक्तिवाद. श्वेतकेतूला तो पटत नाही, आणि तो माणसांसाठी मर्यादा घालून देतो. नवऱ्याला सोडून दुसरीकडे जाणाऱ्या बाईला पाप लागेल, आणि आपल्या पतिव्रता बायकोला डावलून जाणाऱ्या पुरुषालाही लागेल. पुरुषाबद्दलचा हा भाग आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही. गोष्टीत आणखी एक गोष्ट राहून गेली आहे, ती मला दर वेळी टोचते. बाप बोलला, मुलगा बोलला. त्या आईला जायचं होतं की नव्हतं, हे तिला कुणीच विचारलं नाही.

पण गोष्टीचा गाभा मला मोलाचा वाटतो. एकनिष्ठा निसर्गातून आली असा दावा ती करतच नाही. निसर्ग तसा नाही हे मान्य करूनच ती मर्यादा घालते. मन कधीच दुसरीकडे जाणार नसतं, तर वचनाची गरजच काय होती? धनेशाला शपथ घ्यावी लागत नाही.

तुमच्या लग्नात हे वचन घेतलं गेलं होतं. आठवतंय का बघा. कन्यादानाच्या वेळी गुरुजी वधूपित्याच्या वतीनं म्हणतात, ‘धर्मे च अर्थे च कामे च नातिचरितव्या त्वयेयम्’, आणि नवरदेव म्हणतो, ‘नातिचरामि’. धर्मात, पैशाअडक्यात आणि कामसुखात मी हिला ओलांडून जाणार नाही. हे वचन नवऱ्याकडून घेतलेलं असतं. मी बोहल्याजवळ बसून किती लग्नं पाहिली असतील. गुरुजी शब्द तोडून तोडून सांगतात, मुलगा ते चुकतमाकत म्हणतो, तेवढ्यात फोटोग्राफर ‘इकडे बघा’ म्हणतो, मागच्या खुर्च्यांवर जेवणाची पंगत कधी याची चर्चा चाललेली असते. आपण काय कबूल केलं हे त्या मुलाला कळलेलं नसतं, आणि कुणी त्याला मराठीत सांगतही नाही. मग पुढची पन्नास वर्षं त्या वचनाची वसुली होते ती बाईकडून. जूनमध्ये वडाला दोरा तीच गुंडाळते. भाषासुद्धा बघा, पुरुषानं एकाच बायकोशी राहणं हे ‘व्रत’ आहे, केलं तर कौतुक. बाईसाठी ते गृहीतच धरलेलं. बाहेर संबंध ठेवणारा पुरुष ‘बाहेरख्याली’ किंवा फार तर ‘रंगेल’. बाईसाठी जे शब्द आहेत, ते मी इथे लिहिणार नाही.

कायदाही फार जुना नाही. मुंबई प्रांतात १९४६ साली हिंदू पुरुषाला पहिली बायको असताना दुसरं लग्न करायला बंदी झाली आणि १९५५च्या हिंदू विवाह कायद्यानं ती देशभर आली. तुमच्या आजेसासूबाईंचं लग्न झालं तेव्हा सवत आणणं बहुधा कायदेशीर होतं. त्याच्याही किती आधी, जोतिराव फुल्यांना मूल होत नव्हतं आणि दुसरं लग्न करा म्हणून घरचे मागे लागले होते, तेव्हा कायद्याची आडकाठी नव्हती आणि समाजाची तर मुळीच नव्हती. त्यांनी ते केलं नाही. पुढे जोतिराव आणि सावित्रीबाईंनी यशवंतला दत्तक घेतलं. पुरुषाचा निसर्ग काय सांगतो याची चौकशी त्यांनी केली असेल असं मला वाटत नाही.

तुमच्यासारखे प्रश्न मराठीत नवेही नाहीत. र. धों. कर्वे १९२७ ते १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत होते आणि वाचकांच्या अशाच प्रश्नांना उत्तरं देत होते. त्यांच्यावर खटले झाले ते ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखापायी आणि वाचकांना दिलेल्या उत्तरांपायी. त्यातला १९३४चा खटला बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांच्या बाजूनं लढवला, आणि तो हरले. बाईलाही पुरुषाइतकंच लैंगिक स्वातंत्र्य हवं, हे कर्वे उघडपणे मांडत. त्यांच्या धैर्यापुढे मी नतमस्तक आहे. सगळ्या मतांशी सहमत नाही, कारण स्वातंत्र्य दोघांना सारखं असलं तरी मत्सर आणि दुखावलं जाणं त्यानं संपत नाही. पण निदान दोघांना एकच माप लावायचं, हे त्यांच्याकडून घ्यावं.

आता तुमच्याकडे येते. तुमच्यात काहीही बिघडलेलं नाही. सतरा वर्षांच्या संसारात दुसऱ्या माणसाची ओढ वाटणं, हे चांगल्या लग्नांतही घडतं. त्यासाठी नवरा वाईट असावा लागत नाही आणि बाईही वाईट असावी लागत नाही. ‘माझं नवऱ्यावर प्रेमच नसणार’ असं तुम्ही तिसऱ्या पानावर लिहून खोडलं आहे. खोडलंत ते बरं केलंत. एकावर प्रेम असलं की दुसऱ्याकडे लक्षच जाणार नाही, ही समजूत आपल्याला कुणी शिकवली कोण जाणे. तिच्यापायी कितीतरी बायका-पुरुष नुसती ओढ वाटली म्हणून घर मोडायला निघतात, किंवा वर्षानुवर्षं स्वतःला कोसत राहतात.

ओढीबद्दल तुम्ही जबाबदार नाही. मेसेज पुसण्याबद्दल आहात. मला तुमच्या सबंध पत्रात तेवढी एकच गोष्ट काळजीची वाटली. स्टेशनपर्यंतचं चालणं, त्यांनी ‘सासूबाईंच्या मोतीबिंदूचं काय झालं’ विचारणं, तुम्हाला बरं वाटणं, यात पुसण्यासारखं काही नाही. पण ज्या दिवशी तुम्ही पहिला मेसेज पुसलात, त्या दिवशी नवऱ्याला जे कळायला नको असं काहीतरी आहे, हे तुम्ही स्वतःशी मान्य केलंत. आणि आणखी एक बघा. त्या सहकाऱ्यांना बायको आहे. सात पानांत ती फक्त ‘विवाहित’ या एका शब्दात आली आहे. संध्याकाळी तिच्या वाट्याला काय उरतं, याचाही विचार करा, जसा तुम्ही जाऊबाईंचा करता.

म्हणून उद्यापासून एवढं करा: जे पुसावं लागेल ते लिहू नका, आणि तसं आलं तर उत्तर देऊ नका. रात्री जेवणानंतरचे मेसेज पूर्ण बंद. महिनाभर गाडीची वेळ बदला, दहा मिनिटं उशिराची धरा. सहकाऱ्यांना अंधारात ठेवून एकदम गप्प होऊ नका, ते त्यांच्यावर अन्याय करणारं होईल आणि बँकेत रोज तोंड बघायचं आहे. साध्या शब्दांत सांगा: ‘आपलं बोलणं मला आवडतं, पण ते मैत्रीच्या पुढे जायला लागलंय असं मला वाटतं. मला ते इथेच थांबवायचंय.’ त्यात माफी नको आणि लांबण नको. पहिले दोनतीन आठवडे जड जातील. रविवारची दुपार रिकामी वाटेल. तेव्हा वहीत लिहून काढा की नेमकी कशाची उणीव भासतेय. ते माणूस, की आपल्याला कुणीतरी विचारतंय ही भावना? खरं उत्तर काहीही असू शकतं, मी ते आधीच ठरवून देत नाही.

नवऱ्याला सांगायचं का? माझं मत असं, की आज लगेच नाव-गाव सांगून कबुली देऊ नका. काही घडलेलं नसताना केलेली अशी कबुली पुष्कळदा आपल्या डोक्यावरचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवण्यासाठी असते. आपण हलके होतो, तो जड होतो. पण त्यांच्याशी बोला, आणि सुरुवात त्या बैठकीतल्या वाक्यापासून करा. त्यांनीच तुम्हाला दार उघडून दिलं आहे. एखाद्या शनिवारी मुलगा क्लासला गेल्यावर म्हणा, ‘त्या दिवशी दादांबद्दल तू जे म्हणालास, ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. निसर्ग असतो तर बाईचाही असतो. उद्या माझं मन कुणात गुंतलं, तर तुला काय वाटेल? आणि तुझं कधी गुंतलं आहे का?’ शेवटचा प्रश्न विचारायला भीती वाटेल. तरी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. सतरा वर्षांत तुम्ही दोघांनी हप्ते, शाळा, आजारपणं, सगळं बोलून ठरवलं असेल. हे मात्र कधीच ठरवलेलं नाही, गुरुजींनी संस्कृतमध्ये ठरवलं तेवढंच. मैत्री कुठपर्यंत, मेसेज कसले, मन गेलं तर एकमेकांना कधी सांगायचं, हे तुमचं तुम्ही मराठीत ठरवा. त्या बोलण्यात ‘कुणी आहे का?’ असं त्यांनी सरळ विचारलं, तर खोटं बोलू नका. ‘ओढ वाटली, मी थांबवलं, म्हणूनच बोलतेय’ एवढं खरं पुरेसं आहे. ते चिडतील, कदाचित दोनचार दिवस अबोला धरतील. बोलणं पुढे जात नसेल तर विवाह समुपदेशकाकडे दोघं मिळून जा. घरच्या मोठ्यांची बैठक मात्र बोलावू नका. तिथे काय होतं ते तुम्ही पाहिलंच आहे.

हे वाचणाऱ्या काही जणांच्या बाबतीत गोष्ट मेसेजच्या पुढे गेली असेल, याची मला कल्पना आहे. त्यांना माझं सांगणं वेगळं आहे: संबंध चालू ठेवून घरी चर्चा करता येत नाही. आधी एक काहीतरी थांबवा. आणि जोडीदाराच्या आरोग्याला धोका होण्यासारखं काही घडलं असेल, तर ते लपवायचा हक्क तुम्हाला नाही. तपासणी करून घ्या आणि सांगा.

अलीकडे काही तरुण जोडपी विचारतात, दोघांच्या संमतीनं नातं मोकळं ठेवलं तर? २७ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयानं व्यभिचाराचं कलम ४९७ रद्द केलं. त्या कलमात तक्रारीचा हक्क नवऱ्याचा होता आणि बायको जणू त्याची वस्तू होती, त्यामुळे ते गेलं हे योग्यच झालं. तो गुन्हा राहिला नाही, पण घटस्फोटाचं कारण तो अजूनही आहे, आणि लग्न टिकून असताना दुसरं लग्न करणं हा गुन्हा आहेच. कायद्यापेक्षा मला संमतीची काळजी जास्त वाटते. जिची नोकरी नाही, घर जिच्या नावावर नाही, माहेरचं दार जिला बंद आहे, तिनं दिलेल्या ‘हो’ला मी संमती म्हणणार नाही. दोघंही उद्या नाही म्हणू शकतात आणि नाही म्हटल्यावर कुणाचं छप्पर जात नाही, असं जिथे आहे, तिथे त्या दोघांनी आपलं ठरवावं. हिंबांचं जमतं, कारण तिथे नवरा-बायको दोघांना मुभा आहे आणि मुलाला बापाच्या नावाची ददात नाही. रीलमधून त्यातला नवऱ्याच्या सोयीचा तुकडा उचलून ठाण्याच्या फ्लॅटमध्ये आणता येत नाही.

शेवटी तुमच्या जाऊबाई. तुम्ही त्यांच्याबद्दल एवढं लिहिलं आहे, की पत्र अर्धं त्यांचंच आहे असं मला वाटलं. बैठकीत सगळे बोलले. सासूबाई, दीर, तुमचे यजमान. जाऊबाईंनी सांभाळून घ्यायचं, हे त्यांना सांगितलं गेलं. त्यांनी वडाला दोरा गुंडाळला तो मनापासून की लोकांसाठी की सवयीनं, हे आपल्याला ठाऊक नाही. तुम्ही त्यांना सल्ला देऊ नका, वकिलाचा नंबर देऊ नका, आणि स्वतःचं गुपितही आत्ता त्यांच्यावर टाकू नका. पुढच्या वेळी दोघीच स्वयंपाकघरात असाल, तेव्हा टीव्ही बंद करा आणि त्यांना विचारा, ‘ताई, तुम्हाला काय हवंय?’ लगेच बोलणार नाहीत कदाचित. मेथीची जुडी मोठी घ्या.